बोटीवरचा हरेश्वर

आमच्या घरी मासळी शिजली की आई एक डबा बाजूला काढून ठेवायची. तो डबा हरेश्वरचा. कामावर जाताना मी तो सायकलच्या हँडलला अडकवायचो आणि माणिकपूरच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मागच्या दाराने आत नेऊन द्यायचो. बोंबील असोत, मांदेली असोत, डबा उघडायच्या आधी हरेश्वर झाकणाला नाक लावायचा, डोळे मिटायचा आणि आत काय आहे ते सांगायचा. कधी चुकला नाही.

अर्नाळ्याच्या बेटावर जन्मलेल्या, बापाच्या होडीत वाढलेल्या कोळ्याच्या मुलाला मासळी आम्ही निर्मळच्या वाडीवाल्यांनी पुरवावी, हे कोणालाही विचित्रच वाटेल. पण हरेश्वरला मासळीबाजारात पाऊल टाकता येत नव्हतं. तिथे अर्नाळ्याच्या बाया पाट्या मांडून बसायच्या. त्यातल्या निम्म्या त्याला लहानपणापासून ओळखत. आणि त्यांच्या माहितीप्रमाणे हरेश्वर त्या वेळी कुठल्यातरी लांबच्या समुद्रात, मोठ्या आगबोटीवर, कानांवर हेडफोन लावून बिनतारी यंत्रापाशी बसलेला होता.

त्याची माझी ओळख झाली ती मुंबईत, तंत्रशाळेच्या वसतिगृहात. सत्तरच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. रेडिओच्या डिप्लोमाला आम्ही दोघे वसईकडचे, म्हणून आम्हाला एक खोली मिळाली. मी आधी पोचलो होतो. थोड्या वेळाने दारात एक काळासावळा, हाडापेराने मजबूत मुलगा उभा राहिला. खारं पाणी आणि ऊन खाऊन केस तांबूस पडलेले. डोक्यावर पत्र्याची ट्रंक, आणि तिला जाळ्याच्या दोरीच्या अशा काही गाठी मारलेल्या की मी सोडवायला गेलो तर बोटं सोलून निघाली. त्याने एक टोक नुसतं ओढलं आणि सगळी दोरी गळून खाली पडली.

"मी किल्ल्यावरचा," तो म्हणाला. बेटावरची माणसं बेटाला किल्लाच म्हणतात. "तू?"

"निर्मळ. बेनेडिक्ट. बेनू म्हण."

"मंग आपन शेजारीच," तो म्हणाला आणि हसला.

हरेश्वर चालायचा पाय फाकून, जमीन कधीही हलेल अशा बेताने. जेवायचा भराभर. कुठल्याही प्रश्नाला त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असे, "बगू, पानी काय बोलतं." परीक्षा कशी जाईल? बगू, पानी काय बोलतं. खानावळीत आज काय असेल? तेच. वर्गातली मुंबईची मुलं त्याला 'पानीवाला' म्हणायला लागली. त्याला राग येत नसे. तारा जोडताना मात्र तो बोलत नसे. सगळ्या तारा एकत्र घेऊन त्यांना तो सुंदर गाठी मारी. त्याने बांधलेला रेडिओ उलटा करून पाहिला तर आत एखादं नवं जाळं विणल्यासारखं दिसायचं. आणि हात रिकामा असला की बोटं वाजत. ताटावर, बाकाच्या कडेवर, स्वतःच्या मांडीवर. बिनतारी संदेशाची ती टिकटिक त्याने अभ्यासक्रमात यायच्या आधीच पाठ केली होती.

हे वेड कुठून आलं ते त्याने मला एकदाच सांगितलं. तो दहाबारा वर्षांचा असताना एका संध्याकाळी अचानक वारा उठला. सगळ्या होड्या परतल्या, एक राहिली, त्याच्या काकाची. सगळं बेट किल्ल्याच्या तटावर गोळा झालं. होडी दिसत होती. खाडीच्या तोंडाशी पाणी फुटत होतं, तिकडून आत शिरण्यात अर्थ नव्हता. वळसा घालून पलीकडून यायला हवं होतं. तटावरच्या प्रत्येकाला ते दिसत होतं आणि होडीतल्या माणसांना दिसत नव्हतं.

"आमी वराडलो. बाया वराडल्या. कापडं हलवली," हरेश्वर म्हणाला. "काकाला वाटलं, आमी त्याला बोलावतोय. तो सरळ आला."

त्याची बोटं मांडीवर वाजत राहिली.

"पान्यातल्या मानसाशी बोलता आलं पायजे, बेनू," तो शेवटी म्हणाला. "बस. बाकी मना काय नको."

मोठ्या बोटीवर बिनतारी अधिकारी व्हायचं त्याने तेव्हाच ठरवलं होतं. तो बेटावरून शिकायला बाहेर पडलेला पहिलाच मुलगा. शाळेसाठीसुद्धा त्याने रोज होडीने ये-जा केली होती. पाणी खवळलेलं असलं की शाळा बुडायची.

प्रयोगशाळेत त्याची एक सवय मला पहिल्यापासून दिसत होती. रेडिओत जे छोटे रोधक लावतात, त्यांच्या अंगावर रंगीत पट्टे असतात. पट्ट्यांवरून त्यांचा रोध किती ते कळतं. आम्ही नुसते पट्टे बघून रोधक उचलायचो. हरेश्वर एकेक रोधक मीटर लावून मोजायचा. आमचं काम आटोपून आम्ही चहाला जायचो तेव्हा हा अजून मोजतच असे. सरांना ते फार आवडायचं. "याला म्हणतात शिस्त," ते आम्हाला सुनवायचे.

त्या शिस्तीचा अर्थ मला आमच्या वाडीत कळला. नाताळच्या सुट्टीत मी त्याला घरी आणलं होतं. आईला तो एकदम आवडला. केळीच्या बागेतून पाटाचं पाणी फिरवायला तो स्वतःहून बाबांबरोबर गेला. दुपारी आईने त्याच्या हातात टोपली दिली. "हरेश, मिरच्या काढून आण बाळा. लाल झाल्यात तेवढ्याच. हिरव्या राहू दे झाडाला."

तो मिरच्यांच्या वाफ्यात बराच वेळ उभा राहिला. एखादी मिरची धरायचा, उलटीसुलटी करायचा, सोडून द्यायचा. मग भराभर तोडून टोपली घेऊन आला. आईने टोपलीत पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "अरे, निम्म्या हिरव्याच आणल्यास! तुमच्या किल्ल्यावर लाल मिरची खात नाहीत काय?"

तोही हसला. पण संध्याकाळी अर्नाळ्याच्या एसटीसाठी मी त्याला सोडायला गेलो तेव्हा वाटेत थांबून त्याने विचारलं, "बेनू, तुना त्या खरंच येगयेगळ्या दिसतात?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. रस्त्याच्या कडेला जास्वंद फुलली होती. मी ती दाखवून म्हटलं, "हे फूल आणि हे पान?"

"आकार येगळा हाय," तो म्हणाला.

बेटावर हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. लांबची होडी कोणाची हे तो शिडाच्या फुगण्यावरून सगळ्यांच्या आधी सांगायचा. पाण्याचा रंग बदलला असं कोणी म्हणालं तर तोही हो म्हणायचा. त्याला वाटे, रंग म्हणजे माणसं बोलताना वापरतात तसा एक शब्द आहे. आणि मला वाटलं, रेडिओतल्या पट्ट्यांपुरतीच तर अडचण आहे. पट्टे मी वाचीन. पुढची सगळी वर्षं तो हळूच रोधक माझ्यापुढे धरी आणि मी ओठ न हलवता सांगे, तपकिरी, काळा, लाल. त्याची टिकटिक आमच्या सगळ्यांपेक्षा जलद होती. डिप्लोमाच्या परीक्षेत तो वरच्या नंबरात आला.

बोटीवरच्या नोकरीसाठी त्याची निवड झाली ती बातमी घेऊन आम्ही दोघे बेटावर गेलो. असा दिवस मी पुन्हा पाहिला नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून माणसं धावत आली. त्याच्या बापसाने स्वतःची होडी नव्या नवरीसारखी सजवली होती, डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत पताका. बेटावर पाऊल टाकल्याबरोबर ढोल सुरू झाला. देवीच्या देवळात नारळ फुटले. म्हाताऱ्या बाया त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडत होत्या. त्याची आई, एवढीशी, वाळलेली बाई, गर्दीत मागे उभी राहून नुसती बघत होती. बापूस मात्र प्रत्येकाला एकच सांगत होता, "आता आमचा हरेश्वर मोट्या बोटीवरना बोलंल. लाट येवाच्या आदी सांगंल." कोणाशी बोलेल, कसं बोलेल, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना पटलं होतं.

वैद्यकीय तपासणी तेवढी राहिली होती. तिला हरेश्वर घाबरला नव्हता. असा दणकट माणूस कुठल्या तपासणीला घाबरेल? मुंबईला मी त्याच्याबरोबर गेलो आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. दार पुरतं लागलेलं नव्हतं. वजन, छाती, कान, सगळं झालं. मग डॉक्टरांनी एक जाड पुस्तक उघडलेलं मला फटीतून दिसलं.

"या पानावर कुठला आकडा दिसतो?"

"ठिपके दिसतात, साहेब."

"ठिपक्यांत आकडा आहे."

"कुठं?"

पान उलटल्याचा आवाज. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा ठिपके. मग आणखी पानं. शेवटी डॉक्टर पुस्तक मिटून म्हणाले, आणि आवाजात त्यांच्या अजिबात कडकपणा नव्हता, "घरी कोणाला माहीत नव्हतं का हे?"

"घरी कुनी विचारलंच नाय."

"हे बघ, रात्री समोरून बोट आली, तर तिच्या एका बाजूला लाल दिवा असतो, एका बाजूला हिरवा. कुठला दिवा कुठे आहे ते कळलं नाही तर बोट बोटीवर जाईल. मी सही करू शकत नाही."

"मी बिनतारीवर बसनार, साहेब. मना नुस्तं ऐकायचंय."

"नियम सगळ्यांना एकच आहे."

"चष्मा लागंल काय?"

"याला चष्मा नसतो रे बाबा," डॉक्टर म्हणाले.

बाहेर आल्यावर हरेश्वर फूटपाथच्या कडेवर बसला. मीही बसलो. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. रेल्वेच्या सिग्नल खात्याचं काय, विमानतळाचं काय, मी बोलत सुटलो होतो आणि बोलता बोलता माझ्याच लक्षात येत होतं की जिथे जिथे आमचं शिक्षण लागतं तिथे तिथे ते पुस्तक असणार.

"बेनू," तो म्हणाला, "होडीवरच्या पताका बापसाने अजून काढल्या नसतील."

तो घरी गेला नाही. आमच्याकडे आला. दोन दिवस राहतो म्हणाला. खोटं बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तो नुसता परतला नाही. आणि तो परतला नाही याचा अर्थ बेटाने स्वतःच लावला. आठवड्याने अर्नाळ्याची मासळीवाली आमच्या दाराशी बसून आईला सांगत होती, "आमचा हरेश्वर गेला बोटीवर. एकदम जावा लागला, निरोप घेवाला पन टायम नाय भेटला." हरेश्वर आत, दाराआड उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला.

मासळीवाली गेल्यावर आई त्याला म्हणाली, "जा बाळा, आजच जा. सांगून टाक."

"जातो मावशी. जरा दुसरी नोकरी लागू दे. रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

नोकरी लागली ती टीव्हीच्या दुकानात. नवे टीव्ही घरोघर यायला लागले होते आणि दुरुस्तीला माणसं मिळत नव्हती. शेठ सज्जन होता. हरेश्वरने नायगावला खाडीकडे एक खोली घेतली. नायगाव तेव्हा मिठागरांचं गाव होतं, अर्नाळ्याचं कोणी तिकडे फिरकायचं नाही. दुकानात तो आतल्या खोलीत बसे. बाजाराच्या रस्त्याने कधी जात नसे. कोळणींच्या पाट्या ज्या गल्लीत बसत, ती टाळून तो लांबच्या वाटेने स्टेशन गाठायचा. आणि वर्षातून एकदोनदा, नवी पँट घालून, केस कापून, मुंबईच्या बाजारातून घेतलेले साबण, अत्तर, टॉर्च पिशवीत भरून तो 'सुट्टीवर' बेटावर जायचा.

एका सुट्टीत त्याने मला ओढून नेलं. एकट्याला भीती वाटते म्हणाला. मला वाटलं होतं, तो तिथे बढाया मारत असेल. तसं काही नव्हतं. तो अगदी कमी बोलायचा. म्हातारे विचारायचे, "तिथली लाट कशी?" तो सांगायचा, लांब असते, उंच असते, फुटत नाही. हे त्याने गोदीतल्या खलाशांना विचारून ठेवलेलं होतं. बापूस शेजारी बसून मान हलवायचा, जणू ती लाट त्यानेच वाढवली होती. लग्नाच्या मुलींचे बाप येऊन बसत. हरेश्वर म्हणे, बोटीवरच्या माणसाने बायकोला वाट बघायला लावू नये. लोकांना त्यातही त्याचा मोठेपणा दिसे.

जेवताना त्याची आई समोर बसली होती. सगळे लाटांबद्दल विचारत होते, तिने विचारलं, "तुना तिथं कोन वाढतं?"

"भंडारी असतो, आये. बोटीवरचा सैपाकी."

"त्याला सांग, तुना भात जास्ती लागतो. तू मागत नाय."

हरेश्वरने मान खाली घातली आणि भराभर जेवून उठला. मागे परतताना होडीत तो मला म्हणाला, "पुढच्या खेपेला सांगतो." पुढच्या खेपेला त्याने सांगितलं नाही. प्रत्येक खेपेला सांगण्याची गोष्ट आणखी मोठी झालेली असे.

दुकानात मात्र काही वर्षं तो बरा होता. खरं तर सुखातच होता म्हणा. काळंपांढरं चित्र त्याच्यासारखं कोणी लावायचं नाही. त्या पडद्यावर जे आम्हाला दिसे तेच त्यालाही दिसे. एकदा काम करताकरता तो सहज म्हणाला, "या डब्यापुढे आपन सगळे सारकेच, बेनू." मी टेलिफोन खात्यात लागलो होतो, माझं लग्न ठरलं होतं. मला वाटायला लागलं होतं की याचंही होईल काही तरी ठीक.

मग रंगीत टीव्ही आला.

सुरुवातीला वसईत असे किती असणार? पण ज्याच्याकडे होता त्याच्याकडे तो बिघडला की शेठ हरेश्वरलाच पाठवायचा, कारण तोच सगळ्यात हुशार. एका बंगल्यात तो टीव्ही दुरुस्त करून आला आणि दुसऱ्या दिवशी मालक दुकानात येऊन ओरडायला लागला, "बातम्या सांगणारी बाई हिरवी दिसते! तुमच्या माणसाला सांगितलं तर म्हणतो, चांगली दिसते!" गिऱ्हाईकं हसली. शेठ हसला. हरेश्वर हसला नाही. पुन्हा गेला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा असंच झालं तेव्हा शेठने त्याला बाजूला घेऊन सरळ विचारलं आणि त्याने सरळ सांगितलं. शेठने त्याला काढून टाकलं नाही, एवढं खरं. आतल्या खोलीत एक नवा मुलगा बसला, त्याला कॅपेसिटर आणि कंडेन्सर ही एकाच वस्तूची दोन नावं हेही माहीत नव्हतं. हरेश्वरकडे अँटेना आले. शिडी, पाइप, तारेचं वेटोळं खांद्यावर घेऊन घरोघरच्या छपरांवर चढायचं. तिथे रंगाचा प्रश्न नव्हता. तो तिशीला आला होता. टिकटिक करणारी त्याची बोटं तेव्हा कधी थांबली, माझ्या लक्षातही आलं नाही.

आणि त्याच दिवसांत एका दुपारी आईने मला टेलिफोन ऑफिसात निरोप पाठवला, घरी ये. गेलो. आई ओट्यावर बसली होती. मासळीवाली नुकतीच उठून गेली होती.

"हरेशची आई गेली," आई म्हणाली. "आठ दिवस झाले. काविळीने. पोरगा बोटीवर, कळवायचं कुठे म्हणून सगळी रडतायत म्हणे."

नायगावला मी पोचलो तेव्हा हरेश्वर खोलीबाहेर बसून शिडीची सुटलेली पायरी बांधत होता. मी सांगितलं. त्याने हातातली गाठ पुरी केली. मग ती सोडली. पुन्हा बांधायला घेतली, पण बोटांना ती येईना. इतक्या वर्षांत त्याला गाठ जमली नाही असं मी तेव्हाच पाहिलं.

"आठ दिवस?" तो म्हणाला. "गेल्या आयतवारी मी कुठं व्हतो? पापडीला. छपरावर." आणि थोड्या वेळाने, "सायकलने गेलो असतो तरी पोचलो असतो, बेनू."

आम्ही तसेच निघालो. बेटावर उतरलो तर माणसं जमा झाली. बाया त्याच्या गळ्यात पडून रडत होत्या, मधूनच विचारत होत्या, कुठल्या बंदरातून आलास, किती दिवस लागले. "लई लांबना आला रं पोरगा," एक म्हातारी माझ्या हाताला धरून म्हणाली. बापूस घराच्या पायरीवर बसला होता. तो उठला नाही. गर्दी जरा ओसरली तशी त्याने हरेश्वरला खूण केली आणि तटाच्या बाजूला चालायला लागला. हरेश्वरने माझा हात सोडला नाही, म्हणून मीही गेलो.

तटापाशी कोणी नव्हतं. हरेश्वर एकदम म्हणाला, "बा, मी बोटीवर नव्हतो. कंदीच नव्हतो. मी वसईला व्हतो."

म्हातारा समुद्राकडे बघत होता. "ठाव हाय मना," तो म्हणाला.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तिची कावीळ वाढली तवा मी मुंबईला गेलो. तुझ्या कंपनीच्या हापिसात. बोल्लो, आमच्या हरेश्वरला बिनतारीवरना सांगा, आय बोलावते. त्यांनी नाव शोदलं. मना पानी पाजलं, पुन्ना शोदलं. बोल्ले, आजोबा, असा मानूस आमच्याकडे कंदीच नव्हता."

हरेश्वर तटाच्या दगडावर टेकला.

"घरी आलो. ती जागीच व्हती. बोल्ली, सांगितला? मी बोल्लो, सांगितला. बोट वळवली हाय. येतंय." म्हाताऱ्याने तोंडावरून हात फिरवला. "दोन दिवस ती इचारायची, कुठवर आली? मी सांगायचो, इथवर आली, तिथवर आली. मना पन वाटाय लागलं, खरंच येते."

"बा, मी आता सगळ्यांना सांगतो," हरेश्वर म्हणाला. तो उठून उभा राहिला. "आत्ता सांगतो. मी इथंच राहतो. होडीवर जातो तुझ्यासंगं."

"नको."

"बा."

"ती सात वरसं रोज सांजेला हितं येवाची. लांब मोटी बोट दिसली का हात जोडायची. तू त्या बोटीवर हायेस म्हनून मेली ती. आता ती बोट मी बुडवायची?" म्हातारा पहिल्यांदाच त्याच्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं. "तुझी सुट्टी संपली. जा तू. आनि येवाला जमलं नाय तर नको येवूस. बोटीवरच्या मानसाला नाय जमत. लोकांना मी सांगन."

परत घराकडे येताना दोनचार माणसं समोर आली. बापूस मोठ्याने म्हणाला, "उद्याच बोट सुटते त्याची. एका दिसाची सुट्टी दिली साहेबानं." कोणी म्हणालं, केवढी ही नोकरी. कोणी हरेश्वरच्या पाठीवरून हात फिरवला. तो प्रत्येकाच्या पाया पडला. आईच्या तसबिरीपुढे त्याला फार वेळ बसता आलं नाही, कारण भरती उलटायच्या आत होडी सुटायची होती.

त्यानंतर तो बेटावर गेला नाही. बापूस दोन वर्षांनी वारला, तीही बातमी मासळीवालीनेच आणली. मी नायगावला गेलो तर शेजारी म्हणाले, खोली सोडली. दुकानातूनही गेला होता. कोणी म्हणे वापीला, कोणी म्हणे विरारला नव्या बिल्डिंगी होतायत तिकडे. आमच्या घरी आई काही महिने डबा काढायची, मग तीही थांबली. संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र घरातल्या नावांच्या शेवटी त्याचं नाव घ्यायची, आणि त्याच्या आईचंही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते असंच, काही ध्यानीमनी नसताना. नालासोपाऱ्याला एका नव्या वस्तीत टेलिफोनच्या लाइनीचं काम होतं. दुपारचं ऊन डोक्यावर आलं होतं. चार मजली इमारतीच्या गच्चीवर, अगदी कठड्यापाशी, एक माणूस अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरून उभा होता. पाय फाकलेले. केस बरेच पिकलेले. वाऱ्याने पाइप हलत होता आणि त्याला सावरत तो थोडा थोडा फिरवत होता. मधूनच खाली वाकून ओरडायचा, "आलं काय?"

दुसऱ्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून एका बाईने मान बाहेर काढली. "नाही! अजून थोडं!"

त्याने थोडं फिरवलं. "आता?"

"मुंग्या आहेत!"

पुन्हा थोडं. मी खाली रस्त्यावर उभा राहिलो होतो. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, आणि मारवेना. काठावर उभा असलेला माणूस, हाकेने दचकला तर काय, असं मी स्वतःला सांगितलं.

तेवढ्यात आतून गाण्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. मुलं ओरडली, टाळ्या वाजल्या. बाई खिडकीतून आत गेली. शेजारच्या दारांतूनही माणसं त्या खोलीत शिरताना दिसली. चित्र आलं होतं. छान आलं असावं, कारण खिडकीकडे पुन्हा कोणी आलं नाही.

वर त्याने पाइप तसाच घट्ट धरून ठेवला होता. जरा हलला तर चित्र जाईल म्हणून तो अजिबात हलत नव्हता. माझ्या हाताखालच्या माणसाने मला जीपमधून हाक मारली. मी निघालो. वळणावर मागे वळून पाहिलं तर तो अजून तसाच उन्हात उभा होता आणि खाली वाकून विचारत होता, "आलं काय? ओ बाई, आलं काय?"